हस्कीची फिर्याद

कुत्र्याने भुंकावे आणि माणसाने त्याचा अर्थ लावावा, हा आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज होय. परंतु ज्या घरी सायबेरियन हस्की या जातीचे कुत्रे नांदते तेथे हा रिवाज मोडीत निघतो, कारण हे जनावर भुंकण्याच्या भानगडीत फारसे पडतच नाही. ते बोलते. जेवण यायला उशीर झाला की हेल काढून बोलते, फिरायला नेणाऱ्याने चपला पायात सरकवल्या की घाईघाईने बोलते, आंघोळीची बादली दिसली की भोकाड पसरते, आणि नखे कापण्यासाठी पाय नुसता हातात धरला तरी, पंचक्रोशीत जो कोणी दयाळू मनुष्य असेल त्याने धावत यावे अशा आर्ततेने गळा काढते. शेजारी नव्याने राहावयास आलेल्या मंडळींना वाटते की येथे एखाद्या गरीब प्राण्याचा अनन्वित छळ चालला आहे. वस्तुतः नेलकटर अद्याप नखाला लागलेलेही नसते.

या बोलघेवड्या, कांगावखोर आणि विलक्षण देखण्या कुत्र्याची हौस आता मावळापर्यंत येऊन पोहोचली आहे. १८६३ साली भोर घाटातून आगगाडी चढू लागली तेव्हापासून मुंबईकराने लोणावळा-खंडाळ्यास हवापालटासाठी यावे आणि ऐपत असल्यास तेथे बंगला बांधावा अशी परंपरा पडली. पुढे द्रुतगती मार्गाने ती कार्ला, कामशेत आणि पवनेच्या काठापर्यंत पसरवली. आणि तळेगाव-वडगावकडे कायमच्या वस्तीला आलेल्या नोकरदार कुटुंबांचीही तीत भर पडली. अशा घरांपैकी एखाद्यातून भल्या पहाटे करड्या-पांढऱ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा उत्तरेकडचा पाहुणा बाहेर पडतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लटकलेल्या यजमानाला अक्षरशः फरफटत नेतो. ‘लोणावळा म्हणजे थंड हवा, तेव्हा थंड मुलखातल्या कुत्र्याला ती मानवणारच,’ असा सरळ हिशेब या यजमानांनी बहुधा मनाशी मांडलेला असतो. हिशेब सरळ असला तरी खोटा आहे. लोणावळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे सव्वासहाशे मीटर, आणि पुण्याची साडेपाचशेच्या थोडी वर. म्हणजे ज्या गारव्यावर आपण भरवसा ठेवतो तो उंचीपेक्षा घाटमाथ्यावर थबकणाऱ्या ढगांनी आणि पावसाने दिलेला असतो, आणि वर्षाच्या ज्या महिन्यांत ढग नसतात त्या महिन्यांत तो आपला शब्द पाळीलच असे नाही.

हस्कीचे बोलणे हे निव्वळ नाटक समजून त्यावर हसणारी माणसे पुष्कळ भेटतात. पण त्या नाटकात एक खरीखुरी फिर्यादही असते, आणि ती ज्याला वाचता येत नाही त्याने हे कुत्रे घरी आणू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

फिर्यादीचे मूळ समजण्यासाठी फिर्यादीचे वतन पाहिले पाहिजे. आशिया खंडाच्या पार ईशान्य टोकाला, सायबेरियाच्या चुकोत्का प्रदेशात चुकची नावाचे लोक राहतात. त्यांनी शतकानुशतके जोपासलेली ही जात. हलके ओझे, बेताचा वेग, परंतु अंतर मात्र अफाट, अशा कामासाठी हे कुत्रे तयार झाले. तेही एकट्यादुकट्याने करावयाच्या कामासाठी नव्हे, तर दहा-बारा सोबत्यांच्या जोडीने गाडी ओढण्यासाठी. त्यांची वंशावळही साधीसुधी नाही: सायबेरियाच्या उत्तरेस असलेल्या झोखोव्ह बेटावर सापडलेल्या, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या अवशेषांतून मिळालेली जनुके शास्त्रज्ञांनी २०२० साली तपासली, तेव्हा आजच्या घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांशी त्याचे जवळचे नाते आढळून आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे कुत्रे बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून अलास्कातील नोम या गावी शर्यतींसाठी नेण्यात आले. प्रथम तेथील लोकांनी त्यांच्या लहान चणीची थट्टा केली. पण १९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ उद्भवली आणि बर्फामुळे सर्व मार्ग बंद झाले, तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्रे यांनी हातोहात, मुंबई-नागपूर अंतराहूनही अधिक असे सुमारे १,०८५ किलोमीटरचे अंतर साडेपाच दिवसांत तोडून औषध पोहोचवले. शेवटचा टप्पा गाठणाऱ्या गाडीच्या अग्रभागी असलेल्या बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. सर्वांत लांब आणि धोक्याची मजल मात्र लिओनार्ड सेप्पाला याच्या गाडीपुढे धावणाऱ्या टोगोने मारली होती. अशा कुळातील प्राणी आपण दिवाणखान्यातील गालिच्यावर आणून बसवतो आणि तो स्वस्थ का बसत नाही म्हणून त्याच्यावरच रागावतो.

आता त्याच्या वाणीविषयी. लांडगे दूरच्या सोबत्यांशी हेल काढून बोलतात, आणि हस्कीसारख्या प्राचीन जातींनी ही विद्या अद्याप पुरती टाकलेली नाही. हंगेरीतील बुडापेस्टच्या विद्यापीठातील संशोधकांनी घरगुती कुत्र्यांना लांडग्यांच्या आरोळ्या ऐकवून पाहिल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, लांडग्यांना जनुकीयदृष्ट्या अधिक जवळ असलेल्या जातींतील प्रौढ कुत्र्यांनी हेल काढून उत्तर देण्याकडे कल दाखवला, तर अर्वाचीन जातींच्या कुत्र्यांनी भुंकून वेळ मारून नेली. लोणावळ्यात हा प्रयोग करण्यासाठी लांडग्याची गरज पडत नाही. कर्जतहून मागे लावलेली इंजिने गाडीला रेटा देत घाट चढू लागली आणि त्यांच्या भोंग्याचा दीर्घ स्वर दरीतून वर आला, की अंगणातला हस्की मान उंचावून, डोळे मिटून, त्याच स्वरात आपला स्वर मिळवतो; मग रुग्णवाहिकेचा भोंगा असो वा पहाटेच्या काकड्याचा शंख असो, त्याच्या लेखी हे सारे दूर गेलेल्या सोबत्यांचे निरोप असावेत आणि निरोपाला उत्तर न देणे हा त्याला शिष्टाचाराचा भंग वाटत असावा.

परंतु घरातल्या घरात चालणारे जे बोलणे, ज्यात आर्जव, उपहास, रुसवा आणि थेट शिवीगाळ यांचे सर्व सूर लागतात, ते सर्वस्वी वंशपरंपरेने आलेले नसते. त्यातला मोठा भाग आपणच शिकवलेला असतो. तुंगार्लीस राहणाऱ्या माझ्या भाचीच्या घरी यमुना नावाची हस्की आहे, एक डोळा निळा आणि एक तपकिरी. तिचे एक उदाहरण देतो. संध्याकाळचे फिरणे आटोपून परतताना घराचे फाटक दिसले की यमुना रस्त्यातच अंग टाकते. पुढचे पाय ताणलेले, हनुवटी जमिनीला टेकलेली, निळा डोळा आकाशाकडे. भाची म्हणते, “चल गं यमे, आलं घर.” यमुना उत्तरादाखल एक लांबलचक ‘अऽवूऽऽवू’ काढते, मध्येच थांबून कोणी ऐकते आहे का ते पाहते, आणि श्रोता सापडला की दुसरे कडवे अधिक वरच्या पट्टीत उचलते. “मामा, हिला वाटतं आपण राजमाचीलाच निघालो होतो,” असे म्हणून भाची हसते. समोरच्या बंगल्यातील दोन मुले कठड्याशी धावत येतात, त्यांतला एक मोबाईल काढतो, दुसरा खिशातून बिस्कीट. जुन्या संगीत नाटकातील नटाला ‘वन्स मोअर’चा पुकारा ऐकून जे स्फुरण चढत असे, तेच यमुनेला त्या बिस्किटाने चढते, आणि उद्याचा प्रयोग तेथेच ठरून जातो.

प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्र जाणणारे लोक यालाच पुरस्काराने दृढ झालेली सवय म्हणतात. ज्या कृतीनंतर खाऊ, हसू अथवा नुसते लक्ष मिळते ती कृती कुत्रे पुन्हा करते. आणि हस्कीच्या बाबतीत तर रागावून ओरडणे हेही लक्षच ठरते, किंबहुना आपणही आता संवादात सामील झालो अशीच त्याची समजूत होते. म्हणून आरडाओरडा बंद करावयाचा असेल तर त्यावर आरडाओरडा करणे हा उपाय नव्हे. तो बोलत असता पाठ फिरवावी, गप्प झाल्यावर क्षणभर थांबावे आणि मग हवे ते द्यावे. घरातील सर्वांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, हा दंडक एकसारखा पाळला तर काही आठवड्यांत आवाजाची पट्टी खाली येते. संपूर्ण मौनाची अपेक्षा मात्र कोणी धरू नये.

येथे एक भेद सूक्ष्मपणे ओळखला पाहिजे. काही बोलणे हा अर्ज असतो: पाणी संपले आहे, दार उघडा, फिरायची वेळ टळून गेली. काही बोलणे वर सांगितल्याप्रमाणे निव्वळ कांगावा असतो, आणि तो करताना कुत्र्याचे अंग सैल असते, कान नेहमीसारखे असतात, डोळा प्रेक्षकांवर असतो. परंतु घर रिकामे झाल्यावर सुरू होणारा, तासन्‌तास चालणारा, दार ओरबाडणे, येरझाऱ्या घालणे, लाळ गळणे, उशा-गाद्यांच्या चिंध्या करणे यांच्यासह येणारा जो आक्रोश, त्याला प्रेक्षक नसतो, म्हणून ते नाटकही नसते. गाडी ओढणाऱ्या जथ्यात राहण्यासाठी घडलेल्या प्राण्याला एकांत ही शिक्षा वाटते. शेजाऱ्याने ‘तुमचा कुत्रा दिवसभर रडतो’ अशी तक्रार आणली तर ती शेजाऱ्याची नसून कुत्र्याचीच आहे आणि शेजाऱ्याने केवळ ती दाखल केली आहे, असे समजून तिचा निवाडा करावा.

या जातीची निम्मी गाऱ्हाणी श्रमाने मिटतात. हस्कीला रोज दीड-दोन तासांची चाल किंवा धाव हवी, आणि तिच्या जोडीला डोक्याला काही उद्योग हवा: दडवलेला खाऊ हुंगून काढणे, छातीला बेताचा पट्टा बांधून हलकेसे ओझे ओढणे, कधी वेगळ्या वाटेने जाणे. या बाबतीत मावळासारखा प्रदेश शोधून सापडणार नाही. तुंगार्ली धरणाकडून राजमाचीकडे जाणारा रस्ता, वळवणचा परिसर, मळवली-भाजे भागातील शेतांच्या कडेची पायवाट, पवनेच्या बाजूला तुंग-तिकोन्याच्या पायथ्याचा माळ. हिवाळ्याच्या पहाटे या वाटांवर धावणारा हस्की पाहिला म्हणजे हा प्राणी येथे अगदीच परका नाही असे घटकाभर वाटू लागते.

मात्र ही पहाट सरून ऊन चढले, आणि हिवाळा सरून चैत्र-वैशाख आला, की चित्र पालटते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यत्वे धापा टाकून, जिभेवरील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग निववतो. हस्कीच्या अंगावर बाहेरचे राठ केस आणि आतली दाट लोकर असे दुहेरी पांघरूण असते. ऋतू पालटताना ही लोकर पुंजक्यापुंजक्यांनी झडते आणि घरातील सतरंजीपासून आमटीपर्यंत सर्वत्र तिचा संचार होतो. कळवळ्यापोटी काही लोक कुत्र्याला चक्क भादरून टाकतात. परंतु तेच केस उन्हापासून कातडीचे रक्षणही करीत असतात आणि भादरल्यावर ते पूर्ववत येतीलच याची हमी नसते, म्हणून नेमाने विंचरून सुटी लोकर काढणे एवढाच उपाय योग्य. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी आणि रात्रीच फिरवावे, दुपारी गार फरशीची, पंख्याची, शक्य तर वातानुकूलित खोली द्यावी, अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूचा खड्डा करून द्यावा म्हणजे त्याची उकरण्याची हौस तेथेच भागून बागेतील गुलाबांची मुळे वाचतात. धाप न थांबणे, हिरड्या लालभडक होणे, झोकांड्या जाणे, वांती होणे ही उष्माघाताची लक्षणे दिसताच गार पाण्याने अंग भिजवून वारा घालावा आणि क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्य गाठावा. कुत्र्याच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ४१ च्या पुढे गेले की प्राणाशी गाठ पडते.

पाऊस आला म्हणजे सुटलो, असेही नाही. लोणावळ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सायबेरियाची थंडी कोरडी. आपला गारवा दमट. वरचे केस पुसले तरी आतली लोकर ओलीच राहते, आणि त्या उबदार ओलाव्यात बुरशी, खाज, कानाची दुखणी बळावतात. गवत माजले की गोचीड चढतात आणि त्यांच्यापाठोपाठ गोचीडताप येतो. भातखाचरांच्या, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे भय असते, त्यासाठी लस आहे आणि ती वेळेवर टोचून घ्यावी. आषाढात लावणीच्या दिवसांत बांधावरून चालताना घोणस आणि फुरसे यांची आठवण ठेवावी. फिरून आल्यावर पोट, काखा आणि बोटांच्या बेचक्या मुळापर्यंत कोरड्या करणे हे काम कंटाळवाणे खरे, आणि ते चालू असता हस्की आपला निषेध उच्च स्वरात नोंदवणार हेही खरे. पण हा निषेध दप्तरी दाखल करून घ्यावा आणि टॉवेल चालू ठेवावा.

आहाराच्या बाबतीत मराठी घराची गोष्ट वेगळी सांगावी लागते. दूध-पोळी कुस्करून अथवा भात कालवून कुत्र्याला घालणे हा आपला जुना दस्तुर, आणि गावठी कुत्री त्यावर पोसली जातात. कारण शेतीप्रधान मुलखांतील कुत्र्यांत पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पुष्कळ झालेल्या असतात. ध्रुवप्रदेशात मासे आणि सागरी प्राण्यांची चरबी यांवर वाढलेल्या हस्कीच्या वंशात त्या थोड्याच आढळतात. शिवाय या जातीच्या काही कुत्र्यांना आहारातील जस्त नीट शोषून घेता येत नाही, आणि धान्याचा भरणा अधिक झाला की त्यातील फायटेट हे द्रव्य उरलेसुरले जस्तही बांधून ठेवते. मग डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती खपल्या धरू लागतात. मावळचा इंद्रायणी तांदूळ कितीही सुवासिक असला तरी हस्कीचे मुख्य अन्न मांस, मासे, अंडी यांचे किंवा पशुवैद्याने ठरवून दिलेले असावे.

बंगल्याच्या राखणीसाठी हस्की आणणाऱ्यांनी तर तो विचार मुळातच सोडून द्यावा. अनोळखी माणसाविषयी त्याला फारसा संशय नसतो. चोर आला तर त्याच्याशीही तो दोन शब्द प्रेमाने बोलेल. शिकारीची प्रेरणा मात्र शाबूत असल्यामुळे वाडीतील कोंबड्या आणि करडे यांच्या बाबतीत त्याच्यावर तिळमात्र विश्वास टाकू नये. मोकळा सुटला तर हाक ऐकून परत येईल याचा नेम नाही, आणि दुसऱ्या दिवशी भरपाईचा तगादा दारात उभा राहतो. कुंपण पुरुषभर उंच आणि जमिनीखालीही थोडे उतरवलेले असावे. रात्री तर त्याला घरातच घ्यावे, कारण सह्याद्रीच्या या रानात बिबट्याचा वावर आहे. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून त्याच्या भक्ष्याचा वजनी हिशेब मांडला, तेव्हा त्यात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, आणि एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. अंगणात बांधलेला आणि रात्रभर हेल काढणारा हस्की बिबट्याला आपला ठावठिकाणा स्वतःच कळवीत असतो.

कायद्यानेही या मुक्या म्हणवणाऱ्या जिवांची बाजू ऐकून घेतली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये कुत्र्याला अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, आणि पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे हे तिन्ही अपराध आहेत. २०१७ च्या कुत्रा-पैदास नियमांनी पैदास करणाऱ्यास राज्य मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई केली. पिल्लू घेणाऱ्याने नोंदणीची सनद मागावी, पिल्लाची आई डोळ्यांनी पाहावी, आणि ती दाखवण्यास जो टाळाटाळ करील त्याच्या दारातून परत फिरावे.

हे सर्व वाचून ज्यांना हस्की नकोसा वाटेल त्यांचे काहीच बिघडले नाही. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी बसलेला आपला देशी कुत्रा या हवेला, या अन्नाला आणि या रानाला केव्हाच सरावलेला आहे, आणि त्याचे एखादे पिल्लू प्रत्येक गावात घराची वाट पाहते आहे. ज्यांना तरीही हस्कीच हवा असेल त्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: घरात दिवसभर कोणी असते काय, पहाटे पाचला उठणारा माणूस घरात आहे काय, आणि ही व्यवस्था पुढील बारा-चौदा वर्षे टिकणार आहे काय. तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर त्यांनी खुशाल हस्की आणावा. घरात कधी शांतता लाभणार नाही, पण कंटाळाही येणार नाही. ज्यांचे लोणावळ्याचे घर शनिवारी उघडते आणि रविवारी संध्याकाळी कुलूपबंद होते, आणि मधले पाच दिवस कुत्रा माळ्याच्या हवाली राहणार आहे, त्यांनी मात्र हस्की पाळू नये.